सांडशी कोणाच्या हाती

एकदा एका कुंभाराचा शिष्य सलग सहा वर्षे आपल्याच भांड्यांवर रुसला होता. तो आळशी नव्हता आणि अडाणी तर मुळीच नव्हता. चाकावर त्याचा हात असा बसला होता की त्याच्याइतकी पातळ कड साऱ्या गावात कोणाला काढता येत नसे. तरीही वर्षातून एकदा येणाऱ्या भट्टीच्या उत्सवात त्याचे भांडे हमखास मळकट, निस्तेज निघे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओबडधोबड भांडी मात्र झळकत. माणसाने रुसावे नाही तर काय करावे?

हा उत्सव कसला, ते आधी सांगतो. भांडी भाजण्याची राकू नावाची एक रीत आहे. ती मूळची जपानची. या गावातल्या वृद्ध कुंभाराने तरुणपणी ती एका परदेशी पाहुण्याकडून शिकून घेतली आणि स्वतःपुरती न ठेवता साऱ्या गावाला दिली. इतर भांडी भट्टीतच सावकाश निवतात. राकूचे भांडे लालबुंद असतानाच लांब दांड्याच्या सांडशीने बाहेर काढायचे, आठ-दहा पावलांवरच्या भुशाच्या खड्ड्यात ठेवायचे आणि वरून पत्र्याचे झाकण घालायचे. भुसा पेट घेतो, धूर आत कोंडतो आणि त्या धुराने झिलईवर, म्हणजे भांड्याला दिलेल्या काचेरी लेपावर, रंग उमटतात. कोणते उमटतील हे आधी कोणालाच सांगता येत नाही, आणि सगळी मौज त्यातच आहे.

माघातल्या एका सकाळी सगळे गाव आपापले भांडे घेऊन भट्टीपाशी जमे. त्यात मास्तर असत, सुतार असे, नव्या सुना असत, दात पडलेले आजोबाही असत. भांडे भट्टीबाहेर आले रे आले की सगळे मोठ्याने आकडे मोजू लागत, ते थेट झाकण पडेपर्यंत. बहुतेक भांडी काढायचे काम शिष्याकडेच असे, कारण त्याचा हात चपळ होता. सगळे आटोपले की गुळपोळ्यांवर ताव मारला जाई.

त्या वर्षी वृद्धाने सांगून टाकले होते, "आता मला धग सोसत नाही. पुढच्या वर्षापासून भट्टी कोणी सांभाळायची, ते या उत्सवात ठरवीन." शिष्याची झोप उडाली. भट्टी आपल्याला मिळावी ही त्याची एकच इच्छा होती. पण ज्याचे स्वतःचे भांडे सहा वर्षांत एकदाही उजळले नाही, त्याच्या हाती भट्टी कोण देणार? एका वर्षी त्याने मातीला दोष दिला होता, दुसऱ्या वर्षी झिलईला, मागच्या वर्षी तर वाऱ्याला. माती बदलून झाली, झिलई बदलून झाली, वाऱ्याला आडोसाही बांधून झाला. आता त्याने चाळीस दिवस खपून एक लहानशी सुरई घडवली होती. ती खरोखरच देखणी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

उत्सवाच्या सकाळी पंधरा-वीस भांडी निघाली आणि सुरईची पाळी आली. शिष्य सांडशी सरसावून पुढे झाला. तेवढ्यात वृद्धाने ती त्याच्या हातून काढून घेतली आणि गावातल्या व्यापाऱ्याच्या हाती दिली.

हा व्यापारी देहाने ऐसपैस आणि स्वभावाने उतावळा होता. त्याने चहाचा कप पुढे केला की निम्मा चहा बशीत असे, हे गावाला ठाऊक होते.

"शेटजी, याची सुरई तुम्ही काढा," वृद्ध म्हणाला. "आणि तू त्यांचा लोटा काढ."

शिष्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, चाळीस दिवसांची मेहनत आहे माझी."

"म्हणूनच," वृद्ध म्हणाला.

व्यापारी त्याहून घाबरला होता. "अहो बाबा, मला आत्ताच घाम फुटलाय. हातातनं पडली तर?"

"पडली तर पडली. मध्ये थांबू नका म्हणजे झालं."

आधी शिष्याने लोटा काढला. तो बुटका, एका अंगाला कललेला होता. शिष्याने काहीशा रागातच तो उचलला, भुशात ठेवला आणि झाकण घातले. गावाने चारपर्यंत मोजले. मग व्यापाऱ्याने डोळे अर्धवट मिटून सांडशीने सुरई तिच्या खांद्याशी पकडली आणि देवाचे नाव घेत असा काही धावला की बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. त्याचेही चारच आकडे झाले. शिष्य तेवढा वेळ भट्टीकडे पाठ करून उभा होता.

झाकणे निघाली. लोट्यावर तांब्याची लाली पसरली होती. आणि सुरई? तिच्या अंगावर निळे, जांभळे, सोनेरी रंग होते आणि त्यांतून बारीक तड्यांची जाळी मानेपर्यंत चढली होती. खांद्यावर सांडशीचा एक ठसठशीत डाग होता, पण तो पाहायला कोणाला सवड नव्हती. शिष्याला रडू आले. ते आनंदाचे होते, आणि थोडे अपमानाचेही.

"गुरुजी, सहा वर्षे माझ्या हातून जे झाले नाही, ते शेटजींच्या हातून कसे झाले?"

वृद्धाने व्यापाऱ्याकडे पाहिले. "शेटजी, हा स्वतःचे भांडे काढतो तेव्हा गाव कितीपर्यंत मोजते?"

"नऊ," व्यापारी घाम पुसत म्हणाला. "दरवर्षी नऊ. मागच्या साली अकरा झाले होते."

"मला कोणी सांगितले नाही," शिष्य पुटपुटला.

"सगळे गाव ओरडून सांगत होते," वृद्ध म्हणाला. "मीही पहिल्याच वर्षी म्हणालो होतो, उशीर करू नकोस. तू म्हणालास, मी उशीर केलाच नाही. तुला खरेच तसे वाटत होते. आपले भांडे सांडशीत असले की तुला आकडे ऐकू येत नाहीत. दुसऱ्याचे भांडे काढताना तुझे लक्ष खड्ड्याकडे असते, आपले काढताना भांड्याकडे. भट्टीच्या तोंडाशी तू थांबतोस. कड शाबूत आहे ना ते बघतोस, डाग पडू नये म्हणून पकड बदलतोस. ही माया आहे, तिला मी नावे ठेवत नाही. पण त्या घटकेला भांड्याला भुसा हवा असतो. तू बघत राहतोस आणि ते निवत जाते."

हे ऐकताना जमलेल्यांतले काही आईबाप उगाचच खाली पाहू लागले.

"मग जीव लावायचाच नाही का?" शिष्याने विचारले.

"चाळीस दिवस चाकावर लावलास ना? तेवढा पुरे. भट्टीच्या दाराशी तो आवरायचा." मग वृद्ध जरा ओशाळून हसला. "माझी मजल तर बारापर्यंत जायची. म्हणून तीस वर्षे माझे भांडे मी काढलेले नाही. कधी सुतार काढतो, कधी एखादा पाहुणा. आज ते तू काढ. आत तेवढेच उरले आहे."

गुरूच्या भांड्याला शिष्याने आजवर भीतीने स्पर्शही केला नव्हता. स्वतःच्या सुरईपेक्षा ते त्याला शतपटीने मोलाचे होते. त्याने सांडशी आत घातली, भांडे उचलले आणि तो झपाझप चालू लागला. एक, दोन, तीन. गावाचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता. चौथ्या आकड्याला झाकण पडले.

वृद्ध काठी टेकत जवळ आला. "बाहेर काढलेस तेव्हा कसे दिसत होते रे? यंदा पोटाची गोलाई जमली आहे का, मला शंकाच आहे."

शिष्य गोंधळला. त्याने आठवून पाहिले, पण काही आठवेना.

"गुरुजी, क्षमा करा," तो म्हणाला. "मी ते पाहिलेच नाही."

वृद्ध इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. बसल्या बसल्याच तो म्हणाला, "सांडशी घरी घेऊन जा. आता ती तुझ्याकडेच राहू दे."