गज थांबला तेव्हा

परक्या देशातल्या एका बंदरात एकदा एक चिनी वाद्यवृंद होता. सात वादक, आणि त्यांचे गुरू ऐंशीच्या घरातले. मायदेशाहून आलेल्या जुन्या चाली ते जपत असत. कागदावर प्रत्येक चालीचे मोजकेच स्वर असत, नुसता सांगाडा. भर ज्याने त्याने आपापली घालायची, अशी त्या संगीताची रीतच होती.

गुरुजींची एक शिष्या बासरी वाजवी. तिचा जन्म इथलाच. चीन तिने पाहिलाही नव्हता. गुरुजी नुसते खोकले तरी ती वाजवणे थांबवून त्यांच्याकडे पाही. 'हे गेले तर मागे काय उरणार?' या धास्तीने त्यांची हरकत न् हरकत ती वहीत टिपून घेई आणि बरहुकूम वाजवी. भीती माणसाला फार चोख कारकून बनवते!

वार्षिक मैफलीत चाल ऐन रंगात आली, आणि गुरुजींनी आपल्या दोन तारांच्या वाद्यावरचा गज थांबवला. मांडीवर हात ठेवून ते स्वस्थ बसले.

शिष्येचे धाबे दणाणले. यांना काही झाले तर नाही? या जागी बासरीला दोनच लांब स्वर होते. मधली सगळी भर गुरुजींची. ती तिला पाठ होती, पण तारेवरची ती हरकत बासरीवर काही केल्या बसेना. बाकीचे वादक तिच्याकडेच पाहू लागले. अखेर तिने डोळे मिटले आणि बोटे नेतील तिकडे ती गेली. चाल कशीबशी सावरली, मग फुलली.

मैफल संपताच ती धावली. "गुरुजी, बरं वाटत नाही का? डॉक्टरांना बोलावू?"

"ठणठणीत आहे मी."

"मग थांबलात कशाला? वाडवडिलांची चाल भर मैफलीत मोडली असती!"

"पोरी, तू जपतेस त्या हरकती वाडवडिलांच्या नव्हेत, माझ्या आहेत. माझे गुरू असं वाजवत नसत. त्यांनी मला सांगाडा दिला, मांस मी चढवलं. ते माझ्याबरोबर जाईल, जाऊ दे. माझी नक्कल करत राहिलीस तर लोक एका मेलेल्या म्हाताऱ्याला ऐकतील. चाल जगायची तर तिला तुझी बोटं हवीत. ती तुला आहेत की नाहीत, हे मला जिवंतपणी ऐकायचं होतं."

गुरुजी एक दिवस जाणार, हे शिष्येचे भय काही सरले नव्हते. पण आता त्याच्याकडे पाहता येत होते.

गुरुजींनी वाद्य पुन्हा जवळ ओढले. "आता ती मधली जागा परत वाजव," ते म्हणाले, "मला शिकायची आहे."