दोनदा नापास झालेली जीप

चिपळूणच्या शाहीन मुकादम यांनी आपली टॅक्सीची जीप विकायला काढली, पण गिऱ्हाईक काही फिरकेना. आरटीओच्या तपासणीत जीप आधी ब्रेकसाठी नापास झाली होती, मग दिव्यांसाठी. शाहीनभाभींनी दोन्ही कामं चोख करून घेतली आणि तिसऱ्या खेपेला ती पास झाली. बाजारात मात्र चर्चा नापास झाल्याचीच होती.

शेवटी जिल्हा परिषदेचे सदस्य आप्पासाहेब खानविलकर चार माणसं घेऊन आले. जीप चालवून उतरताना साहेबांची कळी खुललेली भाभींनी बरोबर हेरली. साहेब बोलले मात्र वेगळंच.

"दोनदा नापास म्हणजे कायमचा डाग, भाभी. मी निम्मीच किंमत देईन."

चौघांनी माना डोलावल्या. भाभींना राग आला, पण त्यांनी आधी सगळ्यांना सरबत दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही दोन निवडणुका हरलात नि तिसरी जिंकलात. आता सभेत तुमचं मत पूर्ण धरतात की निम्मं?"

"पूर्णच धरतात," आप्पासाहेब ऐटीत बोलून गेले.

"मग जीपची किंमतही पूर्णच धरा."

चौघांतल्या एकाला हसू आवरेना. आप्पासाहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग स्वतःच हसले आणि विसाराचे पैसे भाभींच्या हातावर ठेवले.