एकाच चेहऱ्याची आरती

भक्तहो, वैरागगिरी महाराज पिंपळधऱ्याच्या मठात मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. मठाचा कारभार त्र्यंबकराव पाहत. माणूस सचोटीचा, पण आपलंच खरं करणारा. देवापुढे सगळे सारखे, असं ते येता-जाता ऐकवत. म्हणून आरतीला येणाऱ्याने मठातलं पांढरं वस्त्र नेसायचं, अंगावरचे दागदागिने उतरवायचे आणि त्यांनी घालून दिलेल्या शब्दांतच देवाला आळवायचं, असा त्यांचा दंडक होता.

एके दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची धेमली आरतीला आली. आरशांचा घागरा, दंडावर पांढरे चुडे. देवाला ती 'याडी' म्हणे, म्हणजे आई. त्र्यंबकरावांनी तिला दारातच अडवलं. ही असली बोली देवाला कळायची कशी, म्हणून चारचौघांत तिची टर उडवली आणि चुडे उतरवायला फर्मावलं.

"नवरा जिता हाय माझा. चुडे कसे उतरू, दादा?" एवढं बोलून ती बिचारी बाहेर लिंबाच्या पारावर जाऊन बसली.

महाराज आतून पाहत होते. "सगळे सारखे हवेत ना तुला, त्र्यंबका?" एवढंच त्यांनी विचारलं.

दिवेलागणीला आरती सुरू झाली. डोळे मिटून म्हणता म्हणता त्र्यंबकरावांना जाणवलं, की अख्खा मठ एकाच आवाजात गातोय आणि तो आवाज आपलाच आहे. त्यांनी डोळे उघडले. जो तो त्यांचाच चेहरा घेऊन उभा होता! त्याच पिकल्या मिशा, तीच कपाळावरची आठी. बायकांच्या पदराखाली तेच, कडेवरच्या तान्ह्यालाही तेच. टाळ्या मात्र वाजतच होत्या. कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

 त्यांची आईविना वाढवलेली एकुलती एक लेक, यमू, त्याच गर्दीत होती. त्यांनी तिला हाक मारली. पुढची सगळी पोरं एकदम वळली आणि घोगऱ्या आवाजात "ओ" म्हणाली. त्यांनी एकाचा हात धरला.

"तू यमू का गं?"

"तुम्ही म्हणाल ते," ते मिशाळ पोर म्हणालं.

ते महाराजांकडे धावले. वर पाहिलं, तर तिथूनही त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

"सगळे सारखे झाले की. मग रडतोस कशाला?"

"महाराज, मला माझी यमूच हवी."

"मग देवाला धेमलीच हवी असेल, हे कसं सुचलं नाही रे? त्याच्यापुढे तू आणखी एक त्र्यंबक उभा करायला निघाला होतास."

त्र्यंबकराव अनवाणी पाराकडे पळाले. गोंदलेल्या हनुवटीची धेमली तेवढी तिच्याच चेहऱ्याने बसली होती. हात जोडून त्यांनी तिला विनवलं, की बाई, आहात तशा आत या, तुमच्या याडीला तुमच्याच बोलीत हाक मारा.

मनात काही न ठेवता ती माउली आत आली आणि गाऊ लागली. तसे एकेकाचे चेहरे परतले. कुणाचे देवीचे वण, कुणाचा तिरळा डोळा. ती माणसं त्र्यंबकरावांना कधी नव्हे इतकी देखणी दिसली! कोपऱ्यातून यमूने भोकाड पसरलं, अगदी तिच्याच आवाजात.

लेकीला पोटाशी धरून त्यांनी धेमलीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने संकोचून पाय मागे घेतले. तरी ते वाकलेलेच राहिले. मान वर करून महाराजांच्या चेहऱ्याकडे पाहायचा धीर त्यांना बराच वेळ होईना; न जाणो, तिथे अजून आपलाच चेहरा असला तर!