वेखंडाचे अकरा कोंब

पूर्वी सुमेरुवती नगरीत धृतवर्मा राजाचा अंमल चालू होता, तेव्हा बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या पाणथळीत वेखंड लावणाऱ्या एका घरात जन्मले होते. नाव पुन्नक.

वेखंडाला घोट्याइतके पाणी लागते. कमी चालत नाही, जास्त तर मुळीच नाही. त्या वस्तीचा एक नेम होता. कंद उपटला की कोंबाकडचा चार बोटांचा तुकडा आधी कापून चिखलात परत रोवायचा, मगच उरलेला कंद टोपलीत टाकायचा. त्यामुळे आजोबाने लावलेले वेखंड नातवाला पुरायचे. नगरीतल्या तान्ह्या बाळांना उगाळून चाटवायचे वेखंड इथूनच जाई.

मग तीन वर्षे पाऊस पडला नाही. पाणथळ आटली. लोकांनी नेम मोडला, कोंबासकट कंद विकले आणि बिऱ्हाडे उचलली. पोटात आग पडल्यावर दुसरे काय करतील?

जाताना शेजारचा तुंडिल म्हणाला, "पुन्नका, तुझ्या अकरा कोंबांना व्यापारी पोतंभर तांदूळ देतोय. देऊन टाक आणि चल. का चिखलाला अंगाई म्हणत बसणार?"

"हे गेले तर पुढे लावायचं काय?"

"आणि लावायला उरणार कोण?" असे म्हणून तो गेला.

बोधिसत्त्व कोसभर लांबच्या झऱ्यावरून दोन घागरी आणत. एक घराला, एक कोंबांच्या खड्ड्याला. त्यांची बायको भद्रा चिडे. "माझ्या ओठांना भेगा पडल्यात आणि पाणी पितोय खड्डा! लग्न त्याच्याशीच लावायचं होतं!" बोधिसत्त्व आपल्या वाटचे पाणी तिला देत.

एके दिवशी ते तापाने पडले. शुद्ध गेली. भद्रेला वाटले, कोंब मेले तर हा माणूस उठायचा नाही. जिने कधी चिखलाला पाय लावला नव्हता, ती स्वतः तहानेली राहून घागरी वाहू लागली. घोटाभर पाण्यावर जगतात, तर गुडघाभर पाण्यावर चांगले फोफावतील, असा तिचा हिशेब. तिने खड्डा काठोकाठ भरला आणि आठ दिवस तसाच भरलेला ठेवला.

नवव्या दिवशी बोधिसत्त्व काठी टेकत आले. त्यांनी पाण्यात हात घातला. एकेक कोंब बोटांत लिबलिबीत होऊन आला. एकामागून एक, दहा.

"कुजले?" भद्रेने विचारले. "पाणी कमी पडलं का?"

खोटे बोलणे सोपे होते. पण खोटे बोलले तर अकरावाही बुडाला असता.

"जास्त झालं," ते म्हणाले.

ती चिखलात बसली आणि कपाळ बडवू लागली. "मीच मारले! अहो, शिव्या तरी द्या. हाकलून द्या मला!"

बोधिसत्त्वांच्याही डोळ्यांपुढे अंधार होता. तीन वर्षांचे पाणी वाया गेले होते. पण तिच्या खांद्याची साल घागरीने निघाली होती, ती त्यांना दिसली.

"खांदा सोललाय तुझा," ते म्हणाले. "अकरावा अजून टणक लागतोय. मला वाकवत नाही. तू उतर. घोटा दिसेपर्यंत पाणी उपस."

ती रडत रडत उपसू लागली.

त्या वर्षीही पाऊस आला नाही. एका कोंबाचे बेट व्हायला आठ वर्षे लागली. त्यातली तीनच बोधिसत्त्वांनी पाहिली. पुढची पाच भद्रा एकटीच खड्ड्यात उतरून आपल्या घोट्याने पाणी मापत राहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली तेव्हा समोर वप्पा नावाची उपासिका बसली होती. तिने आजारी बहिणीला मायेने जड अन्न भरवले होते आणि बहीण दगावली होती. महिनाभर तिने मान वर केली नव्हती. शास्ते म्हणाले, "त्या वेळची भद्रा ही वप्पा. तुंडिल म्हणजे आज हिला टाकून बोलणारा हिचा दीर. आणि पुन्नक मी होतो. जिच्या हातून घात झाला, तिला खरे सांगून तिच्याच हाती पुन्हा काम देणे, ही क्षांती, हीच खरी क्षमा."