दोन बहिणींच्या कबरी

"मग कबर आहे तरी कुठे, बाबा?"

श्रीनिवास तुंगारांनी हातातली पहार जमिनीवर आपटली. नूरशाह फकीर दर्ग्याच्या ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"कुणाची?"

"सुलतान मासूमशाहाची. आठवडाभर ही टेकडी पालथी घालतोय. तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही सांगत नाही."

"आठवडाभर तूच मला सांगत होतास, बेटा. विचारलंस ते आज."

तुंगारांनी कपाळावरचा घाम पुसला.

तुंगार नवराबायको दोघंही जुना खजिना शोधायच्या नादाचे. लग्नानंतर देवदर्शनाला म्हणून निघाले आणि वाटेतल्या किल्ल्यात भुयार शोधत बसले. तेव्हा कुमुदिनीबाई कंदील धरून पुढे होत्या. अलीकडे त्या मागे राहू लागल्या होत्या. या खेपेला निघतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "ही शेवटची. यापुढे तुमचं तुम्ही बघा." तुंगारांनी ते ऐकलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. त्यांचं मन सुलतानाबरोबर पुरली म्हणतात त्या पाचूच्या अंगठीत अडकलेलं.

"कबर ओळखतोस कशी?" फकिरांनी विचारलं.

"त्यात काय? पुरुषाच्या कबरीवर मधोमध कलमदानासारखा उंचवटा असतो. बाईच्या कबरीवर सपाट पाटी. सुलतानाचं कलमदान सगळ्यांत मोठं असणार. इथली कलमदानाची एकही कबर मी सोडलेली नाही."

"आणि पाटीच्या कबरी?"

"त्या कशाला बघू?"

फकीर हसले. "तुझी बायको कुठाय?"

तुंगारांनी इकडेतिकडे पाहिलं. "असेल इथेच…"

"रोज दुपारी बसते कुठे ती?"

टेकडीवरचा दगडन् दगड तुंगारांना तोंडपाठ होता. हे मात्र सांगता येईना.

फकीर सूप बाजूला ठेवून उठले. तुंगार पहार खांद्यावर टाकून मागोमाग गेले.

ओढ्याकडच्या अंगाला, सीताफळीखाली, दोन सपाट कबरी शेजारी शेजारी होत्या. गावात त्यांना दोन बहिणींच्या कबरी म्हणत. कुमुदिनीबाई तिथे बसून त्यांच्यावरची वाळकी पानं वेचत होत्या.

"काय म्हणतात बहिणी?" फकिरांनी विचारलं.

"बहिणी नाहीत त्या, बाबा." कुमुदिनीबाईंनी एका दगडावर तळवा फिरवला. "ही पाटी गुळगुळीत आहे. दुसरी मधोमध खरखरीत लागते. तिच्यावर कलमदान होतं. कुणीतरी छिन्नीनं तासून काढलंय."

तुंगार गुडघ्यांवर बसले. हात फिरवला… पुन्हा फिरवला.

"राजाच्या घुमटात बेगमेला जागा नव्हती," फकीर म्हणाले. "म्हणून राजाच बाहेर आला, तिच्या शेजारी. जिवंतपणीच दगड बघून गेला, म्हणे. कलमदान दिसलं तसा म्हणाला, हे काढा, हे बघून लोक येतील. माझ्या गुरूंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी."

तुंगारांनी बायकोकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही पहार घेऊन आला असतात. मग अंगठी. मग दुसरा राजा." त्यांनी दुसऱ्या पाटीवरही हात ठेवला. "मला हे दोघं असे शेजारी आवडले हो."

तुंगार उठले. त्यांनी पहारीचं टोक दगडाच्या सांध्यात घातलं.

फकीर दोन पावलं मागे सरले.

कुमुदिनीबाईंनीही अडवलं नाही. ओच्यातली पानं झाडाखाली टाकली, पिशवी उचलली. "मी निघते. संध्याकाळची एसटी मिळेल."

त्या वळल्या. तुंगारांचे हात पहारीवर होते आणि डोळे बायकोच्या पाठीवर. केस केव्हा एवढे पांढरे झाले? कंदील धरून पुढे चालणारी ती पाठ त्यांना चांगली आठवत होती. आता ती नजरेआड होणार होती.

त्यांनी पहार सांध्यातून काढली आणि गवतात ठेवली. आवाज होऊ दिला नाही.

"कुमुद… बस ना जरा."

त्या थांबल्या. बराच वेळ उभ्याच राहिल्या. मग परत येऊन सीताफळीच्या बुंध्याशी बसल्या. तुंगार शेजारी बसले. आधी थोडं अंतर ठेवून, मग तेही न ठेवता.

आठवडाभराचा शीण होता. थोड्या वेळानं कुमुदिनीबाईंची मान तुंगारांच्या खांद्यावर कलली, श्वास संथ झाला.

फकीर समोरच्या दगडावरचं उरलेलं पान उचलत होते. तुंगारांना राहवेना.

"बाबा," ते म्हणाले, "राजा खरंच इथेच आहे ना?"

फकिरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बेटा… ती जागी होईल."