गंजिफ्याची पंगत

देवझरीच्या राजाने मुदपाकखान्यात हुकूम पाठवला तो असा. दसरा झाला की वाड्यात गंजिफ्याचा, त्या गोल पत्त्यांच्या खेळाचा, मोठा डाव बसेल. पिंपळकोटचे राजे अमृतराव आपल्या सरदारांसह येतील. त्या दुपारचं जेवण असं हवं की ते जेवून पाहुण्यांची डोकी जड व्हावीत आणि महाराजांचं डोकं हलकं राहावं. पाहुणे संशयी आहेत, तेव्हा अन्न सगळ्यांना एकाच पातेल्यातलं. त्यात भांग नको, अफू नको, कसलं चूर्ण नको. हे जमलं नाही, तर सगळ्या आचाऱ्यांनी राज्याबाहेर चालतं व्हावं.

आचारी आपापली बोचकी बांधू लागले.

राजा रणधीररावांना हे सुचलं, त्याला कारण होतं. मागच्या डावात ते अमृतरावांपुढे कासारखेड गावचं गवताचं कुरण हरले होते. तेव्हापासून गावची गुरं बांधावरचं खुरटं गवत ओरबाडत होती. हरण्याचं कारण मात्र दरबाराने फार अभ्यास करून शोधलं. ज्योतिषी म्हणाले, शनी वक्री होता. प्रधानजी म्हणाले, पाहुण्यांची पानं खुणेची होती. सेनापती म्हणाले, वारा पलीकडून वाहत होता. महाराजांना तिन्ही कारणं पटली आणि तिघांनाही शालजोड्या मिळाल्या.

खरं कारण भिवराबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मुदपाकखान्यात पोळ्या लाटायची आणि डावाच्या वेळी मठ्ठा घेऊन फिरायची. बासुंदीच्या पाच वाट्या रिचवून महाराज डावाला बसले होते. कोणती पानं पडली, कोणती उरली, हे गंजिफ्यात ध्यानात ठेवावं लागतं. महाराजांच्या ध्यानात फक्त बासुंदी होती. मध्येच त्यांचा डोळा लागला आणि हातातली पानं उताणी पडली. पण हे महाराजांना सांगणार कोण? भिवराबाई कासारखेडचीच. तिच्या भावाच्या दोन गाई त्या उन्हाळ्यात आटल्या होत्या.

ती प्रधानजींना म्हणाली की जेवणाचं ती बघते, फक्त महाराजांशी बोलू द्यावं.

महाराजांपुढे तिने एकच मागणं मांडलं. अमृतरावांना विषाची भीती वाटणार. ती घालवायची, तर महाराजांनी पंगतीत स्वतः वाढावं आणि प्रत्येक पदार्थाचा पहिला घास त्यांच्यासमोर आपण खावा.

"राजानं वाढपी व्हायचं?" महाराज उखडले.

"राजाचा पाहुणा राजा आहे, महाराज. त्याला नोकराच्या हातानं वाढलं, तर आपलाच मान कमी."

मानाचं नाव निघताच महाराज कबूल झाले.

डावाचा दिवस उजाडला. अमृतराव आले ते आपलं पाणी, आपले पेले आणि एक चाखणारा घेऊन. चाखणाऱ्याने पातेलं न् पातेलं चाखलं. बेत होता पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, वर साजूक तूप आणि केशराचं श्रीखंड. प्यायला मठ्ठा. चाखणाऱ्याने मान डोलावली आणि खात्री पटेना म्हणून श्रीखंड पुन्हा चाखलं.

महाराजांनी शेला कमरेला बांधला, एकेक घास खाल्ला आणि तुपाची लोटी उचलली. एकदा वाढायला लागल्यावर त्यांना त्यात गोडी वाटू लागली. अमृतरावांनी ताटावर हात आडवा धरला, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या हातची एक पोळी नाकारणार? मग आपल्या घरोब्याला अर्थ काय?" राजा स्वतः वाकून उभा असताना नाही कसं म्हणायचं? अमृतरावांनी ती खाल्ली. मग राणीसाहेबांच्या नावाची एक झाली, राजपुत्राच्या नावाची एक झाली. सरदारांचीही तीच गत. शेवटचा सरदार हात टेकून उठला, तोवर डावाची नौबत वाजली. महाराजांना जेवायला वेळच उरला नाही. रिकाम्या पोटी, चिडल्या मनाने ते डावाला बसले.

भुकेल्या माणसाला झोप कुठली? महाराज पान न् पान टिपत होते. समोर अमृतरावांच्या पापण्या मिटत होत्या. नरसिंहाच्या पानांतला राजा पडून गेला की हातात आहे, हे त्यांना आठवेना. त्यांनी तीनदा जांभई दिली आणि चौथ्या जांभईला ते डावावर लावलेलं कासारखेडचं कुरण हरले.

तेव्हा मात्र ते खडबडून जागे झाले. अन्नात काही घातल्याचा आरोप करून त्यांनी चाखणाऱ्याला हाक मारली. चाखणारा खांबाशी घोरत होता. मग भिवराबाईला बोलावणं गेलं.

"खरं सांग, अन्नात काय घातलंस?" अमृतरावांनी विचारलं.

"अन्नात काही नाही, महाराज. आग्रह तेवढा घातला, तोही आमच्या महाराजांच्या हातानं."

आग्रह झाला म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करणार? अमृतराव मिशीत हसले आणि रणधीररावांना म्हणाले, "पुढचा डाव आमच्याकडे. वाढायला मी स्वतः उभा राहीन."

महाराजांचा चेहरा उतरला. श्रीखंडाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींनी ज्योतिष्यांकडे पाहिलं. ज्योतिषी बोटं मोजू लागले.

भिवराबाई पुढे झाली. "महाराज येतील की. फक्त खेळ आधी ठेवा आणि पंगत मग."

इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

"अगं, मग हे आधी का नाही बोललीस?" महाराजांनी विचारलं.

"आज आपल्याला जिंकायचं होतं ना, महाराज."

अमृतरावांना हसू आवरेना. त्यांच्या पाठोपाठ रणधीरराव असे हसले की पोटातली भूकही विसरले. हसता हसताच त्यांनी जिंकलेलं कुरण कासारखेडच्या गुरांना कायमचं सोडलं, ते पुन्हा कधी डावावर न लावण्याचं वचन भरसभेत दिलं आणि भिवराबाईच्या हातात सोन्याच्या पाटल्या घातल्या.