बाभळीवरची हजेरी

फार मागची गोष्ट. खोटी वाटली तर वाटू द्या, मी काही तुमच्या पाया पडणार नाही.

एका बाभळीवर सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. सकाळी एकेकानं "आलो" म्हणायचं, मग सगळ्यांनी मिळून चरायला उडायचं, अशी त्यांची रीत. रंगी नावाच्या पिल्लाला बोलायला फार वेळ लागायचा. तोवर थवा निघून जायचा आणि ती फांदीवर एकटीच राहायची.

आई म्हणाली, "तिच्याबदली मीच बोलते."

म्हातारा भिकाआबा खेकसला, "मग ती बोलणार कधी? बसव तिला माझ्याशेजारी. रंगे, मी गप्प झालो की तू बोलायचं. आणि तुम्ही सगळ्यांनी थांबायचं."

"किडे पळतील ना, आबा!"

"पळू देत. दुसरे शोधा, मेल्यांनो!"

आठ दिवस थवा रोज कुरकुरत थांबायचा आणि शेवटी कंटाळून दोघांना सोडून उडायचा. नवव्या दिवशी रंगी म्हणाली, "आले." त्या दिवशी ती थव्याच्या मधोमध उडाली.

पुढं आबा थकला. एका सकाळी त्याचा आवाज येईना. पोरांनी पंख उघडले.

"थांबा रे," रंगी म्हणाली. "आबांचं व्हायचंय अजून."

सगळ्यांनी पंख मिटले.